बामणोलीहून वासोटा: लाँच, जंगल आणि घड्याळाचा हिशेब

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्याची चढाई अवघड नाही. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, काठापासून माथ्यापर्यंत उंचीतला फरक साधारण पाचशे मीटरचा, वाट मळलेली आणि बहुतेक सगळी सावलीतली. तरीही इथून अर्ध्यावरून परतणारे गट दर शनिवार-रविवारी दिसतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण एकच असतं: निघायला झालेला उशीर. बामणोली जलाशयाच्या अलीकडच्या काठावर आणि गड पलीकडे. पलीकडच्या काठावर मुक्कामाला परवानगी नाही, अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर यावं लागतं आणि परतीची लाँच ठरलेल्या वेळी सुटते. म्हणून या ट्रेकचं वेळापत्रक संध्याकाळकडून सकाळकडे मांडायचं.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बामणोलीला साडेपाचपर्यंत परत टेकायचं, तर पायथ्याच्या मेट इंदवलीहून लाँच चारला सुटायला हवी. उतरायला दीड तास, म्हणजे माथा अडीचच्या आत सोडायचा. माथ्यावर दीड-दोन तास हवेतच, त्यापेक्षा कमी वेळात गड नीट पाहून होत नाही. म्हणजे साडेबारा-एकला वर पोचायचं. चढायला सव्वादोन तास धरले तर सव्वादहाला चालायला सुरुवात, आणि त्यासाठी लाँच बामणोलीहून साडेआठला हलायला हवी. परवानगीचे कागद, गटाची यादी, लाँच ठरवणं आणि जेवणाची वर्दी यात पाऊण तास सहज जातो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट आणि कास पठारावरून बामणोली सव्वा ते दीड तास. म्हणजे साताऱ्यातून पहाटे सहाला निघालंच पाहिजे. पुणे-मुंबईहून रातोरात येऊन थेट चढणाऱ्यांनी आदल्या रात्री बामणोलीतच मुक्काम केलेला बरा. काठावर तंबू आणि घरगुती राहण्याची सोय होते, झोप पूर्ण मिळते आणि सकाळी रांगेत पहिला नंबर लागतो.

पेट्रोल साताऱ्यातच भरा. रोख पैसेही तिथूनच घ्या, कारण पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि ऑनलाइन पैसे देणं ऐन वेळी अडतं. प्रत्येकाच्या ओळखपत्राची छायाप्रत हवी. गटातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि एका घरच्या माणसाचा फोन नंबर एकाच कागदावर लिहून आणला, तर वनखात्याच्या कार्यालयातला निम्मा वेळ वाचतो. लाँचचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या लाँचमागे असतं. चौघेच असाल तर दुसरा छोटा गट गाठून भाडं वाटून घ्या, पण चालण्याचा वेग जुळतो का तेही बघा. संथ गटाबरोबर लाँच वाटून घेतली की परत निघण्याची वेळ त्यांच्या हातात जाते.

गड ज्यात येतो ते कोयना अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उघडल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे रान हिरवंगार असतं, ओढे वाहते असतात आणि जळवाही भरपूर असतात. मोजे पँटवर ओढून घ्या आणि खिशात मिठाची पुरचुंडी ठेवा. लागलेली जळू ओढून काढू नका. नखाने तिचं तोंड कातडीवरून बाजूला सरकवलं की ती सुटते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. मार्चनंतर वेगळी अडचण येते. कोयनेचं पाणी खाली गेलेलं असतं, लाँच नेहमीच्या ठिकाणाच्या अलीकडेच थांबते आणि उरलेलं अंतर उघड्या पडलेल्या गाळातून, उन्हात चालावं लागतं. जाता-येता तासभर जादा धरा. वरून सुकलेल्या दिसणाऱ्या गाळात घोट्यापर्यंत पाय रुततो, तेव्हा आधीच्या पावलांच्या ठशांवरूनच चाला.

लाँचमध्ये लाइफ जॅकेट घालायचं म्हणजे पट्टे आवळून घालायचं, खांद्यावर टाकून बसायचं नाही. हिवाळ्यात जलाशयावर दाट धुकं असलं की नावाडी थांबतात. त्यांना घाई करू नका. तेवढी अर्ध्या तासाची सूट वेळापत्रकात आधीच ठेवलेली बरी.

मेट इंदवलीला उतरल्यावर वनखात्याच्या नाक्यावर पाठपिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सच्या पिशव्या, सगळं वहीत टिपलं जातं, अनामत घेतात आणि परत येताना तेवढेच नग दाखवावे लागतात. ही शिस्त इतकी चांगली आहे की राज्यातल्या प्रत्येक गडावर यायला हवी. पण वीस जणांच्या पिशव्या मोजायला पाऊण तास लागतो. उपाय सोपा आहे: घरीच सगळा खाऊ स्टीलच्या डब्यांत नाहीतर कापडी पिशव्यांत भरायचा आणि धातूच्या बाटल्या घ्यायच्या. मोजायला काही उरलं नाही की पाच मिनिटांत वाट मोकळी. पाणी माणशी अडीच ते तीन लिटर लागतं. वर खायला काही मिळत नाही. पोळी-चटणी, गूळ-शेंगदाणे, काकडी, संत्री असं कोरडं आणि हलकं न्या. परतल्यावरच्या जेवणाची वर्दी मात्र सकाळी निघतानाच बामणोलीत देऊन ठेवा.

वाट सुरुवातीला जवळपास सपाट आहे. ओढ्याकाठी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. बाटल्या भरायच्या असतील तर इथेच भरा, पण उन्हाळ्याकडे ओढ्यावर भिस्त ठेवू नका. इथून खरा चढ लागतो. जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडी इतकी दाट आहे की दुपारीही ऊन तुकड्यातुकड्यानेच खाली येतं. वारा नसतो, घाम फार येतो, म्हणून पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. पहिल्याच चढावर धावणारी मुलं पुढे पोटऱ्यांत गोळे येऊन बसतात. चढ सरत आल्यावर वाट फुटते: उजवीकडची गडाकडे जाते, दुसरी नागेश्वराच्या गुहेकडे. नागेश्वराची वाटही मळलेली असल्याने बोलण्याच्या नादात गट तिकडे सरकतो. फाट्यावर पुढच्याने थांबून शेवटचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे.

हे कोयना अभयारण्य आहे. 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही आहे. वाघ दिसेल या आशेने जाऊ नका. गवा, अस्वल, भेकर, शेकरू यांचा इथे खरा वावर आहे. गवा वाटेवर उभा असेल तर जागीच थांबा, त्याला वाट द्या, मोबाइल घेऊन पुढे सरकू नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, डिओ, सिगारेट, धूर यातलं काहीही नको. चढताना आधारासाठी फांदीला हात घालण्याआधी तिच्याकडे बघा. हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवर पानासारखाच पडून असतो. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही करू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा. इथून साताऱ्याचं रुग्णालय लाँच आणि गाडी मिळून कमीत कमी तीन तासांवर आहे, म्हणून गटात निदान चार धडधाकट माणसं हवीतच.

पडक्या दरवाजांतून आत शिरलं की समोर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ. इथे डावी-उजवी नीट ठरवा. आधी डावीकडे जा. या वाटेवर जोडटाकी आहेत. पाणी चांगलं असतं, तरी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. पुढे झाडीतून वाट बाबू कड्यावर निघते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण करून देणारी ही अर्धगोल दरड, आणि समोर दरीपलीकडे जुना वासोटा. तो या गडापेक्षा उंच आहे, आणि ही उंचीच गडाला भोवली. पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेशी ताई तेलिणीने कित्येक महिने झुंजवलेला हा गड 1818 मध्ये इंग्रजांनी समोरच्या त्याच डोंगरावर तोफा चढवून घेतला. कड्यावर उभं राहून दोन माथ्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं की तोफा तिथेच का चढवल्या ते लगेच कळतं. काठावर घसारा आहे आणि कठडा नाही. शेवटची दहा फुटं उभ्याने जायचंच नाही. सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करून मागे सरकणाऱ्याला वेळीच ओरडा, वाईटपणा आला तरी चालेल. जुन्या वासोट्यावर जायची वाट रानाने गिळली आहे, तिकडे वळू नका.

मग परत मारुतीपाशी येऊन उजव्या वाटेने महादेवाच्या देवळाकडे. त्यापुढे काळकाईच्या ठाण्याची माची. हवा स्वच्छ असली तर इथून एका बाजूला कोयनेचं पाणी आणि दुसरीकडे चकदेव, महिपतगड, सुमारगड, रसाळगड ओळीने दिसतात. जेवायला ही जागा बाबू कड्यापेक्षा कितीतरी बरी.

उतरताना त्रास पाल्याचा होतो. सुकलेल्या पानांखाली गोल खडे असतात, आणि गुळगुळीत तळाचे स्पोर्ट शूज तिथे हमखास दगा देतात. खोल नक्षीचा तळ असलेले आणि आधी वापरलेले बूट घाला, नखं आदल्या दिवशी कापा. काठी एक असली तरी गुडघ्यांना बराच आराम मिळतो. हिवाळ्याच्या शेवटी सुक्या गवतातून चाललात तर घरी आल्यावर कमरेचा पट्टा, काखा आणि गुडघ्यांमागे गोचीड तपासा.

नागेश्वराची गुहा याच दिवसात जोडायचा मोह टाळा. गडावरून तिकडे जायला दोन-अडीच तास आणि परत तेवढेच, म्हणजे चारची लाँच चुकलीच. तिथे जायचंच असेल तर परवानगी काढून, वाट माहीत असलेला गावकरी सोबत घेऊन, खेड तालुक्यातल्या चोरवणेच्या बाजूने वेगळा दिवस काढून चढा. त्या बाजूचा चढ अंगावर येणारा आणि उन्हाचा आहे, पाणी माणशी चार लिटर धरा.