तुम्ही विचारलंत म्हणून : मी टाळ का ठेवला

“गुरुजी, गाठ काढून टाकली, रिपोर्टही चांगला आला, मग आता टाळ का घेत नाही?” हा प्रश्न मला गेल्या सात महिन्यांत पारावर, लग्नाच्या मांडवात आणि गंगाखेडच्या बसमध्येही विचारला गेला. प्रत्येक वेळी मी “गुडघे दुखतात” असे सांगितले. ते खोटे होते. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेले नाही.

काही जण लगेच ओळखीतल्या कुणाचे तरी उदाहरण देतात, की त्यांचेही प्रोस्टेटचे, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे, ऑपरेशन दुर्बिणीतून झाले आणि ते महिन्याभरात शेतावर जाऊ लागले. तसे होत असते, पण ते ऑपरेशन निराळे. त्यात वाढलेल्या ग्रंथीचा लघवीची वाट अडवणारा भाग तेवढा आतून खरवडून काढतात. माझ्या ग्रंथीत कर्करोग होता, म्हणून ती वीर्यकोशांसह संपूर्ण काढली आणि मूत्राशयाचे तोंड खाली आणून मूत्रनलिकेला शिवले. लघवी रोखून धरणाऱ्या दोन स्नायूंपैकी वरचा त्यात कामातून जातो. पुढचा सगळा भार खालच्या एकट्यावर येतो आणि तो अंगवळणी पडायला महिने लागतात. बसल्या जागी मी कोरडा असतो. खोकला आला, शिंक आली, घागर उचलली किंवा बाजेवरून झटकन उठलो, की लघवी सुटते. टाळकऱ्याला तर दोन-दोन तास उभे राहून, वरच्या पट्टीत गात पावल्या टाकायच्या असतात.

आता दत्तजयंतीच्या सप्ताहाचे सांगतो. भाद्रपदात ऑपरेशन झाले, बाराव्या दिवशी नळी निघाली आणि मार्गशीर्षात सप्ताह बसला. सहा दिवस मी मागे बसून ऐकले. काल्याच्या कीर्तनाला मात्र राहवले नाही, कारण तीस वर्षांत त्या दिवशीची माझी जागा कधी रिकामी राहिली नव्हती. पहाटे नवे पॅड लावले, सकाळपासून पाणी घेतले नाही, चहा टाळला आणि धुतलेले पांढरे धोतर नेसून उभा राहिलो. पहिला तास चांगला गेला. मग मृदंगाची लय चढली, दोन्ही रांगा पुढे-मागे पावल्या टाकू लागल्या, आणि उडी घेऊन पाय जमिनीला लागला तेव्हा मांडीवरून काहीतरी कोमट ओघळले. वर हंडी बांधली होती; क्षणभर वाटले, तिच्यातलेच दही गळाले असेल. मी वर पाहिले. हंडी शाबूत होती. त्यानंतर मी पांडुरंगाजवळ एकच गोष्ट मागितली, की ही हंडी आत्ताच्या आत्ता फुटावी, सगळ्यांच्या अंगावर दही-ताक सांडावे आणि त्यात माझे धोतर कुणाच्या डोळ्यांत भरू नये. नामस्मरण सुटले, अभंगाचे शब्द सुटले, हात तेवढे टाळ वाजवत राहिले. शेजारी उभा असलेला माझा जुना सोबती एकदा खाली पाहून गेला. ताल न सोडता त्याने खांद्यावरचे उपरणे काढले, माझ्या कमरेभोवती गुंडाळले आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन गाऊ लागला. तो एक शब्द बोलला नाही, आजवर बोललेला नाही. त्याच्या त्या समजूतदारपणानेच मी खचलो. टाळ वीणेकऱ्याच्या पायाशी ठेवले आणि काल्याचा प्रसाद न घेता मागच्या बोळातून घरी आलो. पत्नीने दारातच पाहिले. “अहो, पाणी काढते, आंघोळ करून घ्या,” एवढेच ती म्हणाली आणि मी न्हाणीतून बाहेर येईपर्यंत धोतर दोरीवर वाळत पडले होते.

शरीरधर्माचा विटाळ नसतो, असे मी नोकरीची सगळी वर्षे वर्गात सांगत आलो आणि ते मला मनापासून पटलेले होते. त्या दिवशी विठोबाच्या फोटोसमोर ओल्या धोतराने उभा असताना ते पटेना. तेव्हाचे माझे बोलणे चुकीचे होते, असे आजही म्हणवत नाही. पण ते सांगणाऱ्याचे अंग कोरडे होते, हेही मला विसरता येत नाही.

डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवले नव्हते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार असे दोन्ही मार्ग त्यांनी सांगितले होते, दोन्हींचे त्रासही सांगितले होते. मीच “काढून टाका, म्हणजे डोक्याचा ताप जाईल” असे म्हणून एका रात्रीत ठरवले. सहा आठवड्यांनी पीएसए, म्हणजे या कर्करोगाचा माग ठेवणाऱ्या रक्तचाचणीतला आकडा, 0.1 च्या खाली आला, तेव्हा ते योग्यच ठरले असे वाटले. सुरुवातीला रात्री तीनदा उठून पॅड बदलताना तसे वाटत नसे. ग्रंथीला लागून जाणाऱ्या नसांना धक्का बसल्यामुळे लिंगाला ताठरता येत नाही, हेही लिहून टाकतो. “या वयात त्याचे काय” असे म्हणणाऱ्यांनी ते माझ्या पत्नीच्या वतीने म्हणू नये.

मी हातपाय गाळून बसलेलो नाही. लघवी थांबवताना जे स्नायू आपण आवळतो, तेच पाच अंक मोजेपर्यंत आवळून धरायचे आणि सोडायचे, असा व्यायाम दिवसातून तीन वेळा करतो. उन्हाळ्यात भीतीने पाणी कमी केले होते. घट्ट झालेल्या लघवीने मूत्राशय अधिकच चाळवते, हे डॉक्टरांनी समजावल्यावर पुन्हा नीट पिऊ लागलो. दिवसाला पाच पॅड लागत, आता दोन लागतात. वर्षभरापर्यंत सुधारणा होत राहते, असे ते म्हणतात. माझे दहा महिने झाले.

सोबत्याने माझे टाळ देवळातून आणून दिले, ते धुतलेल्या उपरण्यात बांधून फळीवर ठेवले आहेत. ते उपरणे त्याला परत द्यायचे आहे, आणि ते अजून माझ्याच्याने झालेले नाही. येत्या दत्तजयंतीला मंडपात येईन, पण दाराजवळ बसेन. रांगेत उभा राहीन की नाही, हे मला आज सांगता येणार नाही. आणि पुन्हा कुणी विचारलेत, तर गुडघ्यांचे नाव मात्र घेणार नाही.