एक शून्य हटता हटेना: पायथन शिकतानाचा माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते. ऑर्डरची यादी रोज हाताने साफ करून कंटाळले, म्हणून संध्याकाळच्या बॅचला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागले. व्हेरिएबल, इफ-एल्स वगैरे पटकन झालं. अडले ती लिस्टपाशी, म्हणजे पायथनमधल्या यादीपाशी. पाच दिवस अडले.

काम एवढंच होतं: रद्द ऑर्डरपुढे शून्य डझन असतं, ती शून्यं काढायची. फॉर लूप लावला (तो यादीतल्या एकेका आकड्यावर फिरतो), आत लिहिलं, आकडा शून्य असेल तर रिमूव्ह कर, म्हणजे काढून टाक. क्लासमधल्या नमुन्यावर छान चाललं. कारखान्याची यादी घातली, तर काही शून्यं गेली, काही तशीच. एररही नाही. सरांना दाखवलं. "ताई, टायपिंग चुकलं असेल, परत लिहा." तीनदा लिहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "डेटा खराब असेल." डेटा मी स्वतः भरलेला, वहीशी ताडून पाहिलेला. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे, शिकवणाऱ्याला ती ओळखता यायलाच हवी.

शेवटी यादी पाच आकड्यांवर आणली: ४०, ०, ०, २५, ६०. उत्तर आलं ४०, ०, २५, ६०. मग लूपच्या आत प्रिंट टाकलं, म्हणजे लूप बघतो तो प्रत्येक आकडा स्क्रीनवर दिसेल. (हे पहिल्याच दिवशी करायचं होतं. तुम्ही अडलात की आधी प्रिंट टाका, नंतर कुणाला विचारा.) लूपने ४०, ०, २५, ६० एवढंच पाहिलं होतं. दुसऱ्या शून्याकडे तो गेलाच नव्हता.

दुपारी टेबलावर पाच आकड्यांच्या जागी पाच सँपल टॉवेल ओळीने मांडले आणि बोट ठेवत गेले. दुसऱ्या जागेवर शून्य, उचललं. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले, म्हणजे दुसरं शून्य आता दुसऱ्या जागेवर आलं. पण बोट तर तिसऱ्या जागेवर निघालेलं! लूप जागा मोजत पुढे जातो, यादी त्याच्या पायाखालून सरकते. शून्यं लागून आली की एक सुटणार. क्लासच्या नमुन्यात ती लांब लांब होती, म्हणून तिथे चुकलं नाही. तेव्हा इतकं मोकळं वाटलं की बाजूच्या शिलाई विभागातल्या मावशींनाही मी टॉवेल सरकवून दाखवले.

डिक्शनरीवर (नाव आणि त्यापुढची नोंद अशा जोड्यांच्या साठ्यावर) लूप चालू असताना त्यातलं काही काढलं तर पायथन एरर देऊन थांबतो. लिस्टच्या बाबतीत तो गप्प राहतो, म्हणून जास्त जपायचं.

उपाय छोटासा आहे. रिकामी लिस्ट घ्या आणि शून्य नसलेले आकडे तिच्यात अपेंड करत, म्हणजे शेवटी जोडत जा. मूळ यादीला हात लावू नका. मूळ यादीतूनच काढायचं असेल तर लूप तिच्या कॉपीवर फिरवा. पण मला नवी लिस्टच बरी वाटते, जुनी ताडून बघायला हाताशी राहते.

रिमूव्हबद्दल एक राहिलं. तो जागेने नाही, आकड्याने शोधतो आणि पहिला सापडेल तो काढतो, नसेल तर एरर देतो. ठरावीक जागेवरचं काढायचं असेल तर पॉप वापरा, तो काढलेली वस्तू हातात परतही देतो. जागा मात्र शून्यापासून मोजायची.

आणि सॉर्ट, म्हणजे यादी क्रमाने लावणं. यादीच्या नावापुढे सॉर्ट लिहून त्याचं उत्तर नव्या नावात ठेवलं, तर हाती नन (None, म्हणजे 'काहीच नाही') येतं, कारण सॉर्ट आहे तीच यादी लावतो, परत काही देत नाही. क्रमाने लावलेली नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड वापरा. इथेही अडकले होते, पण तेव्हा आधी प्रिंट टाकलं आणि चहा व्हायच्या आत सुटलं.