लिबर्टीन म्हणजे नुसता चावटपणा का?

"लिबर्टीन लेखन म्हणजे शेवटी अश्लील साहित्यच ना? मग त्याला मुक्त विचाराचं मोठं नाव कशाला?" लिबर्टीन म्हणजे धर्माची आणि नीतीची बंधनं झुगारणारे लेखक; सतराव्या शतकातल्या फ्रेंच साहित्याचा विषय निघाला की त्यांच्याबद्दल हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. इतक्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो. अश्लील लेखनासाठी गाजलेला मार्की द साद यात येणार नाही. तो दीडशे वर्षांनंतरचा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर १६२३ च्या पॅरिसमध्ये आहे, कवी तेओफिल द व्हिओच्या खटल्यात.

१६२२ च्या अखेरीस 'पार्नास सातिरिक' हा चावट कवितांचा संग्रह छापला गेला. पहिल्याच सुनीतावर तेओफिलचं नाव. सुनीतातला माणूस गुप्तरोगाने मरायला टेकलाय. शेवटच्या तीन ओळींत तो देवाकडे वळतो, पश्चात्ताप करतो आणि नवस बोलतो: या दुखण्यातून वाचलो तर यापुढे सुखाचा मार्ग बदलेन. जो नवा मार्ग तो सांगतो, त्याला तेव्हाच्या फ्रान्समध्ये जाळून मारण्याची शिक्षा होती.

घाणेरडे शब्द त्या संग्रहात पानोपानी आहेत. असे संग्रह आधीची दोनेक दशकं विकले जात होते, त्यापायी कुणाला चितेवर चढवलं नव्हतं. इथे बोचला तो नवस. कबुलीजबाब, पश्चात्ताप, संकल्प हा चर्चने घालून दिलेला सगळा क्रम त्यात जसाच्या तसा आहे, फक्त शेवट उलटा. जेझुइट पाद्री फ्रांस्वा गारास याने तेओफिल आणि त्याच्या मंडळींवर हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला आणि या नवसावर नेमकं बोट ठेवलं.

११ जुलै १६२३ ला अटकेचा हुकूम निघाला. १९ ऑगस्टला पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, त्याच्या गैरहजेरीत निकाल दिला: नोत्र-दामसमोर अनवाणी उभं राहून क्षमा मागायची, मग प्लास द ग्रेव्हच्या चौकात पुस्तकांसकट जिवंत जाळायचं. आरोप काय, तर ईश्वराविरुद्ध राजद्रोह. तो पळाला होता म्हणून त्याचा पुतळा जाळला. सप्टेंबरात उत्तर सीमेजवळ ल कातले इथे तो सापडला आणि कोंसिएर्जरी तुरुंगात गेला. चौथ्या आंरी राजाचा खुनी रावायाक जिथे कोंडला होता, तीच कोठडी. तिथे जवळपास दोन वर्षं.

आता चौकशी बघा. सरकारी वकील मात्यू मोले याने सुनीतापाशी न थांबता तेओफिलची स्वतःच्या नावाने छापलेली, उघड विकली जाणारी पुस्तकं ओळीओळीने चाळली. माणसाने सगळ्या बाबतीत निसर्गाच्या मागे जावं, त्याचा कायदा कडक नाही, असं एका कवितेत म्हटलंय. ते का म्हटलं? प्लेटोच्या 'फीडो'चं गद्यपद्य रूपांतर केलं, त्यात आत्म्याच्या अमरत्वाबद्दल असं का लिहिलं? तेओफिलचं उत्तर साधारण असं: सुनीत माझं नाही, आत्म्याबद्दलचं बोलणं प्लेटोचं आहे, आणि कवितेत पाप आलं म्हणून कवी पापी ठरत नाही. म्हणजे ज्या खटल्याला चावट पुस्तकाने तोंड फोडलं, तो काही महिन्यांत आत्मा अमर आहे की नाही यावर येऊन ठेपला. चावटपणा आणि नास्तिक्य यांची मोट मी बांधत नाही, पार्लमाँने बांधली.

१ सप्टेंबर १६२५ ला चितेऐवजी कायमची हद्दपारी झाली. पुढच्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

तरी तुमच्या शंकेत तथ्य आहे, ते नाकारत नाही. त्या संग्रहांतला बराच भाग निव्वळ गलिच्छ आहे, बायकांबद्दल तर किळसवाणा आहे. त्याला विचार म्हणायला मी तयार नाही. शिवाय १६५५ चं 'एकोल दे फीय', म्हणजे मुलींची शाळा, हे कामशिक्षणाचं पुस्तक घ्या. त्यात धर्मावर हल्ला असा फारसा नाही, तरी त्याचा लेखक ठरवलेल्या मिलोला फाशीची शिक्षा झाली आणि पुतळ्यावर ती अमलात आली. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला आडवं येतं.

एके काळी मीही दोन कप्पे करायचो: इकडे नोदे, गासेंदी, ला मोत ल व्हायेर ही ग्रंथालयातली विद्वान माणसं, तिकडे गुत्त्यातले कवी. अभ्यासकांमध्ये ही विभागणी रूढ आहे, आणि गासेंदीसारख्या व्रतस्थ पाद्रीकडे पाहून आजही पटते. पण राजाच्या भावाला शिकवलेल्या त्याच ला मोत ल व्हायेरने ऐंशी उलटल्यावर, १६७० मध्ये, होमरच्या अप्सरांच्या गुहेचा अर्थ स्त्रीचं गुह्यांग असा लावून दाखवला. त्याला कुठे बसवायचं?

वाचायचं असेल तर त्याच शतकातल्या सिरानो द बेर्जराक या लेखकाच्या चंद्रयात्रेच्या कादंबरीपासून सुरू करा, पण आवृत्ती बघून घ्या. १६५७ ची छापील प्रत त्याच्या मित्राने, ल ब्रेने, धारदार परिच्छेद गाळून काढली. ते पॅरिस, म्युनिक आणि सिडनीच्या हस्तलिखितांत आहेत. शेवटाकडे यजमानाचा मुलगा विचारतो, देव असेल तर तो माणसांशी लपंडाव का खेळेल? निवेदक बजावतो, देव निघाला तर तुझी खैर नाही. मुलगा म्हणतो, जो आहे हेच मला कळू दिलं नाही, त्याचा अपराध माझ्याकडून कसा घडेल? याला उत्तर येत नाही. येतो तो एक काळा केसाळ दैत्य, आणि मुलाला धुराड्यातून घेऊन जातो. असं लेखन वाचताना पात्राला शिक्षा झाली का हे बघून थांबू नका, त्याचा मुद्दा कुणी खोडला का ते बघा. पुष्कळदा नुसती शिक्षाच सापडते.

आणि कवी क्लोद ल प्ती. वय तेवीस. 'बोर्देल दे म्यूझ', म्हणजे काव्यदेवतांचा कुंटणखाना, हे पुस्तक छापून होत असतानाच पकडला गेला. १ सप्टेंबर १६६२ ला प्लास द ग्रेव्हमध्ये त्याला जाळलं. आरोप देवाच्या आणि संतांच्या अप्रतिष्ठेचा, पुस्तक रांड-दारूच्या कवितांचं. ज्यांना अजूनही दोन कप्पे हवेत, त्यांनी ल प्ती कुठल्या कप्प्यात टाकायचा ते सांगावं.