एलईडीच्या उजेडात कुठला फिल्टर घ्यावा?

लातूरसारख्या शहरात गच्चीवर टेलिस्कोप लावणारे आता बरेच झालेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, लाईट पोल्युशन फिल्टर कुठला घेऊ, स्वस्तातला सांगा. सांगतो, पण आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या, फिल्टर ताऱ्याचा उजेड वाढवत नाही. तो फक्त नको तो उजेड अडवतो, आणि अडवता अडवता आपल्या कामाचाही थोडा खातोच.

पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे असायचे. त्यांचा उजेड बराचसा 589 नॅनोमीटरच्या आसपास (हा उजेडाच्या लहरीच्या लांबीचा आकडा, त्यावरून रंग ठरतो), पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात, आणि पाऱ्याच्या दिव्यांच्याही 436, 546 अशा ठरलेल्या रेषा. तेवढं कापलं की आकाश बऱ्यापैकी काळं व्हायचं. आता नगरपालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळे एलईडी लावायलेत आणि त्याचा पांढरा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला असतो, मग फिल्टर कापणार तरी काय काय? तुमच्या गल्लीत कुठला दिवा आहे ते बघायला घरातली जुनी सीडी घ्या, जरा लांब उभं राहून चकचकीत बाजूवर दिव्याचं प्रतिबिंब पाडा. एलईडी असेल तर रंगांचा सलग पट्टा दिसतो, सोडियम असेल तर तुटक तुटक पट्टे, मधे काळ्या फटी. फुकटात होतं, मुलांना पण लई आवडतं.

एलईडी असेल तर माझं मत सरळ आहे, यूएचसी (अल्ट्रा हाय कॉन्ट्रास्ट) फिल्टर घ्या. वायूचे तेजोमेघ, म्हणजे आकाशातले चमकणारे ढग, ठराविक रंगातच चमकतात, हायड्रोजन 486 ला, ऑक्सिजन 496 आणि 501 ला, आणि यूएचसी नेमकी तेवढी निळसर-हिरवी खिडकी उघडी ठेवून मधलं बाकीचं बहुतेक अडवतो. सीएलएस (सिटी लाईट सप्रेशन) फिल्टर थोडा स्वस्त दिसतो पण त्याची खिडकी रुंद, एलईडीचा उजेड भरपूर आत येतो, डोळ्याने बघणाऱ्याला फरक कमीच जाणवतो. टेलिस्कोपसोबत फुकट येणारा मून फिल्टर तर या कामाचाच नाही, तो सरसकट सगळंच काळपट करतो. ओ-थ्री फिल्टर, म्हणजे फक्त ऑक्सिजनचा उजेड सोडणारा, भारी असतो पण तो दुसरा घ्यायचा, पहिला नाही.

चायनीज कंपन्यांचे सव्वा इंची यूएचसी दोन-चार हजारात मिळतात आणि सुरुवातीला तेवढं बास आहे. घेताना ग्राफ मागा, 486 ते 501 मधे नव्वद टक्क्याच्या आसपास उजेड पार होत असेल तर घ्या, ग्राफच देत नसतील तर सोडून द्या. दोन इंचीच्या नादी लागू नका, तुमचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) सव्वा इंची असेल तर ते पैसे वाया.

वापरताना पॉवर कमी ठेवा. 130 मिमी तोंडाचा, 650 मिमी फोकल लेंथचा टेलिस्कोप असेल तर 25 मिमीचा आयपीस लावा, 26 पट होतं आणि डोळ्यात 5 मिमीचा उजेडाचा झोत येतो, 10 मिमीचा लावला की तोच झोत 2 मिमीवर येतो आणि फिल्टरमुळं सगळं अंधुक. अजून एक, फिल्टर लगेच घट्ट बसवू नका, बोटात धरून आयपीस आणि डोळ्याच्या मधे आत-बाहेर सरकवत बघा. मृगातला एम 42 किंवा धनु राशीतला एम 8 हा तेजोमेघ लावून हे केलं की फिल्टर आत आला की आजूबाजूचे तारे मंद होतात आणि ढगाचे पंख एकदम पसरलेले दिसतात, बाहेर काढला की परत आक्रसतात. मला तर ते बघताना दरवेळी भारी वाटतं.

आता जे चालत नाही ते पण सांगतो. देवयानीची दीर्घिका, कृत्तिका, तारकागुच्छ, यांचा उजेड ताऱ्यांचाच, म्हणजे सलग, त्याला कुठलाच फिल्टर उपयोगाचा नाही. त्यांच्यासाठी शेतात आखाड्यावर जायचं, नाहीतर रात्री लाईट गेली की पटकन गच्ची गाठायची. आणि हा फिल्टर लावून सूर्याकडं चुकूनही बघू नका, डोळा जाईल.

शेजारच्या दिव्याचा झोत थेट अंगावर येत असेल तर फिल्टरआधी दोरीवर जाड चादर टाका, डोक्यावर काळं कापड घ्या आणि अर्धा तास मोबाईल खिशात ठेवा, एवढं करूनही ढग फिकटच दिसत असतील तर मग ऑर्डर करा.