कात्रणाची मागची बाजू

बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. "नोकरी लागेपर्यंत जरा हातपाय हलव," हे वाक्य दोन्ही वेळच्या जेवणात वाढलं जायचं. शेवटी एका ओळखीतून आमच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात चिकटलो. चिकटलो हे अगदी शब्दशः घ्या, कारण कामच चिकटवण्याचं होतं.

नव्वदचं दशक. सकाळी साडेसहाला एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून सात वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलायचा, कार्यालय उघडायचं, झाडून घ्यायचं आणि कात्री घेऊन बसायचं. कात्रीच्या एका मुठीला सुतळी गुंडाळलेली, कारण ती मूठ अंगठ्याला काचायची. खळ मैद्याची. झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. कापलेली बातमी फुलस्केप कागदावर डकवायची, उजव्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहायचा, आणि बातमीत जिथे जिथे साहेबांचं नाव असेल तिथे लाल बॉलपेनने रेघ मारायची. कोल्हापूरच्या 'पुढारी'चं कात्रण असलं की मला रोज तोच फुटकळ विनोद सुचायचा: आमचे पुढारी 'पुढारी' वाचत नाहीत, 'पुढारी' मी वाचतो.

साहेबांचे पीए म्हणजे अण्णा. कात्रणं कोणत्या क्रमाने लावायची हे त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. सगळ्यात वर फोटो असलेली बातमी. मग फोटो नसलेली, पण नाव असलेली. मग मतदारसंघातली चांगली बातमी. विरोधकांची आपापसातली भांडणं त्याच्या खाली. आणि टीका असलीच तर तळाला. "साहेब चहा पिता पिता चाळतात," अण्णा म्हणाले, "चहा गोड राहिला पाहिजे." बहुतेक दिवशी चहा तळापर्यंत पुरत नसे.

एकदा एका गावात शाळेच्या दोन खोल्यांचं उद्घाटन होतं. मीही गाडीत मागे होतो. साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. "तुमच्या डोक्यावरचा हंडा मी उतरवला," ते म्हणाले. उजव्या बाजूला बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. साहेबांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी बसल्या जागेवरूनच बोलली, "डोईवरचा उतरला साहेब, आता कमरंवर हाय. मोटार जळून वीस दिस झालं."

परत येताना फाटा येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग साहेबांनी विचारलं, "अण्णा, हे पेपरात आलं नव्हतं?"

"नाही साहेब. आलं असतं तर आपल्या पोराच्या नजरेतून सुटलं नसतं."

आपला पोरगा मागे बसून खिडकीबाहेरचा ऊस बघत होता.

संध्याकाळी मी फायली काढल्या. जुने अंक रद्दीत गेले होते, उरली होती ती कात्रणंच. तीन आठवड्यांपूर्वीचं एक कात्रण सापडलं. साहेब हार घालून उभे, बाजूला कारखान्याचे दोन संचालक. कागद ट्यूबलाइटसमोर धरला तर मागची अक्षरं उलटी दिसली. कोपरा ओला करून हलकेच सोलला. मागे एककॉलमी बातमी होती: मोटार जळाली, महिलांची पायपीट. चार ओळी होत्या, त्यातल्या दोन माझ्या कात्रीने मधोमध कापलेल्या. वीस दिवस ती बातमी साहेबांच्याच फायलीत, साहेबांच्याच छातीमागे, मोरचूद घातलेल्या खळीत पालथी पडून होती.

मी पुन्हा खळ लावली आणि कात्रण होतं तसं डकवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर ती बातमी मीही वाचली नव्हती. सात वर्तमानपत्रं रोज माझ्या हातून जात होती, पण मी वाचत नव्हतोच. मी एक नाव शोधत होतो. साहेब वाचत नव्हते कारण मी वाचतो म्हणून. मी वाचत नव्हतो कारण मला फक्त कापायचं होतं. आणि अण्णा वाचत नव्हते कारण त्यांना क्रम लावायचा होता.

आमचे साहेब काही जगावेगळे नव्हते, हे मला पुढे कळलं. २००३ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं की आपण मथळ्यांवर नजर टाकतो, बातम्या क्वचितच वाचतो. काय चाललंय ते सुरक्षा सल्लागार कॉन्डोलीझा राईस आणि कार्यालयप्रमुख अँड्र्यू कार्ड सकाळी येऊन सांगतात, आणि त्यांनी बहुधा बातम्या वाचलेल्या असतात. त्यातलं 'बहुधा' मला फार आवडलं. इराकवर सैन्य घालून तेव्हा सहा महिने झाले होते, आणि ज्या शस्त्रांसाठी ते घातलं ती काही सापडत नव्हती. मी मनात म्हटलं, तिथेही कुणीतरी चहा गोड ठेवतंय.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाला सगळं स्वतः वाचायला वेळ कुठून मिळणार? बरोबर आहे. फायली आहेत, बैठका आहेत, लग्नं आहेत. (महाराष्ट्रातल्या आमदाराचा अर्धा मे महिना अक्षता टाकण्यात जातो आणि उरलेला वेळ दहाव्याला जाण्यात. निधनवार्ता मात्र अण्णा स्वतः वाचत, ते काम त्यांनी माझ्यावर कधी सोपवलं नाही.) पण मंडईत कुणाला यादी देऊन पाठवलं तर यादीतलंच येतं. मेथी सांगितली तर मेथी. आपण स्वतः गेलो की कोपऱ्यातली हिरव्या हरभऱ्याची गड्डी दिसते, आवळे आलेत हे कळतं, आणि कांदेवाली आज गप्प का आहे हेही कळतं. वर्तमानपत्राचं तसंच आहे. त्यातलं जे आपण मागितलेलं नसतं तीच खरी बातमी. आणि न मागितलेलं कापून आणायला कुणाला सांगणार?

बातमी कोणत्या वाटेने येईल याचाही नेम नसतो. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. दरबारोदरबारी त्यांचे वकील, वाटेवर जासूद, आणि सर्वनाशाची पक्की खबर मिळाली ती एका सावकारी पत्रातून: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शब्दांचे पाठभेद आहेत, पण मजकूर हाच. मोत्ये म्हणजे कोण ते पेशव्यांना उलगडून सांगावं लागलं नाही. त्यातलं एक त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव होता. मला या गोष्टीत नेहमी तो सावकार दिसतो. ज्याचे पैसे अडकलेले असतात तो बातमीला साखर लावत नाही. वर्तमानपत्रात सावकाराच्या त्या चिठ्ठीची जागा बाजारभावांच्या पानाची, आणि ते पान मी सात वर्तमानपत्रांतून एकदाही कापलं नाही. त्यात साहेबांचं नाव कधी नसायचं.

साखर लावून घेण्याची हद्द आपल्याकडे १९७५ साली झाली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली, दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली, आणि मग सेन्सॉर बसला. 'इंडियन एक्सप्रेस'ने २८ तारखेला अग्रलेखाची जागा कोरी सोडली. देशभर एकच मोठं संपर्क कार्यालय झालं म्हणा ना. कात्री एक, खळ एक. जानेवारी १९७७ मध्ये इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या आणि मार्चमध्ये त्या स्वतः रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या. निवडणूक का घेतली याची कारणं पुष्कळ दिली जातात. त्यातलं एक असं की, आपण हरू असं त्यांना सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. लोकांना बातमी कळू नये म्हणून भिंत बांधली, तर बांधणारीच आतल्या बाजूला राहिली.

याच काळातला कराडचा प्रसंग आमच्या भागात अजून सांगतात. १९७५ च्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. यशवंतराव अट्टल वाचणारे. कराडच्या त्यांच्या घराचं नावसुद्धा 'विरंगुळा'. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० साली, त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ उभं करून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे सोपवलं. तर या माणसासमोर दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. जयप्रकाशांना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारातले मंत्री समोर बसलेले. यशवंतराव उठून गेले नाहीत. ऐकून घेतलं.

पण मंत्रिमंडळातूनही उठले नाहीत. इथे माझी गाडी नेहमी अडते. वाचणाऱ्या माणसाला मागची बाजू दिसते, न आवडणारं ऐकून घ्यायचं बळही कदाचित येतं. पुढचं पाऊल पुस्तकातून येत नाही. आणि स्टालिन तर भरपूर वाचायचा, समासात पेन्सिलीने शेरे मारत मारत वाचायचा. त्याने काय दिवे लावले ते जगाला माहीत आहे. तेव्हा वाचणारा तो चांगला, असला सोपा हिशेब मी मांडत नाही. उलट वसंतदादा पाटील घ्या. शाळा फारशी नाही, १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून पळालेला गडी, आणि चार वेळा मुख्यमंत्री. दादांचं वर्तमानपत्र म्हणजे दारात येणारी माणसं. पण त्यातही अट एकच: माणूस थेट दादांपर्यंत पोचला पाहिजे, मधे अण्णा नको. माणसांनाही कात्री लावता येते. "साहेब बैठकीत आहेत" या तीन शब्दांत आमच्या कार्यालयाच्या पायरीवरून किती बातम्या परत गेल्या असतील!

आता कात्री गेली, खळही गेली. माझ्या मित्राचा मुलगा एका नेत्याकडे तेच काम करतो. त्याला सकाळी साडेसहाला स्टँडवर जावं लागत नाही. पहाटेच अंक फोनवर येतात, तो चौकोन आखून बातम्या उचलतो आणि सातला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो. चांगली बातमी हिरवी, वाईट लाल, शेवटी टक्केवारी. "काका, लाल जास्त झालं की मलाच फोन येतो," तो म्हणाला. मी त्याला विचारणार होतो की मागच्या बाजूला काय असतं ते कधी बघतोस का. मग लक्षात आलं, पीडीएफला मागची बाजूच नसते. निदान माझ्या फायलीत ती बातमी पालथी का होईना, होती.

आमचे साहेब दोन निवडणुका ओळीने हरले. अण्णा नव्या साहेबांकडे गेले. मला तोवर पतपेढीत नोकरी लागली होती. गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या वाचनालयात गेलो तर उतरत्या फळीवर लावलेल्या अंकासमोर साहेब बसलेले. चष्म्याला दोरी. सकाळी दहाला येतात, ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आणि निविदा सूचनांपासून 'नावात बदल'पर्यंत सगळं वाचतात. मला ओळखलं. "ये रे, बस," म्हणाले, आणि एका गावाच्या साकवाचं काम कसं रखडलंय ते तारखेनिशी सांगायला लागले. आमदार असताना त्यांना त्या साकवाचं नाव तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मग एकदम थांबले. पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. 'पंचवीस वर्षांपूर्वी' या सदरात त्यांचं नाव होतं. कसल्याशा पाझर तलावाचं भूमिपूजन. दोनदा वाचलं.

"कात्री आहे का रे?"

डोक्यावर पाटी होती: अंक कापू नयेत. मी म्हटलं, "साहेब, घरी अंक येतो. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी अंक नेला, कात्रीही नेली. ते हात पुढे करून बसले होते. देता देता मी पान उलटं केलं. जुनी खोड. "साहेब, आधी हे वाचून घ्या, मग कापू."

मागे सांगली मार्केट यार्डातले भाव होते. साहेबांनी चष्मा वर सरकवला, पान जवळ घेतलं.

"आयला, हळद पडली की रे," म्हणाले आणि खुर्ची उजेडाकडे ओढून वाचायला लागले. कात्री माझ्याच हातात राहिली.