सवा नंबरचा कट्टा

२०१५ साली दसरा २२ ऑक्टोबरला होता. त्याआधीच्या आठवड्यात माझ्या दुकानात फटका, म्हणजे वरच्या प्रतीची, तूरडाळ १९० रुपये किलो होती. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि पाऊस मीच अडवून ठेवल्यासारखं माझ्याकडे बघायचं. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, साठेबाजांवर धाडी पडत होत्या, टीव्हीवर रोज डाळीची चर्चा. बोलणी मात्र गल्ल्यावर बसलेल्यानं खायची.

दुकान नागपूरच्या हनुमाननगरात. मेडिकल कॉलेज जवळच, त्यामुळे खोल्या घेऊन राहणारी पोरं भरपूर आणि त्यांना जेवू घालणाऱ्या मेसही भरपूर. बाबांनी गल्ला माझ्या हाती दिला त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. बाबा इतवारीतल्या किराणा ओळीत जाऊन प्रत्येक कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, हात घालायचे, दाणे तळहातावर घ्यायचे, एखादा दाताखाली फोडायचे, मग भाव करायचे. मी व्हॉट्सअॅपवर फोटो मागवायचो.

असाच एक फोटो मंगळवारी आला. तूर, सवा नंबर (फटक्याखालची प्रत), ५० किलोचा कट्टा, किलोला १५८ रुपये भाव. बाजारात तोच माल १७५ च्या खाली नव्हता. एकच अट, बिल मिळणार नाही. सतरा रुपयांचा फरक कशामुळे, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्या दिवसांत स्वस्त डाळ दिसली की डोकं चालायचं नाही, हे खरं असलं तरी ती सबब झाली. कट्टा फोडला, पत्र्याच्या डब्यात ओतला आणि खडूनं पाटीवर लिहिलं: तूर सवा नंबर, १७५.

गुरुवारी दुपारी मेसवाल्या काकू आल्या. माहेर पवनीकडचं, भंडारा जिल्ह्यातलं. चाळीस पोरं जेवायची त्यांच्याकडे. त्यांचा हिशेब मला तोंडपाठ होता. डोक्यामागे दिवसाला पन्नास ग्रॅम डाळ धरली तर रोजची दोन किलो, महिन्याची साठ. वर्षभरापूर्वी ऐंशीच्या भावानं ४,८०० रुपये व्हायचे, आता १९० नं ११,४००. महिन्याकाठी ६,६०० रुपये जास्तीचे, आणि मेसचे पैसे जूनमध्येच ठरलेले. दोनशे रुपये वाढवले तर दहा पोरं समोरच्या गल्लीत जातील, असं त्या म्हणायच्या आणि ते खरं होतं.

त्या दिवशी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, लाखोळी आणून दे ना मले. वीसेक किलो. तुरीत मिसळून शिजवतो."

लाखोळी म्हणजे लाख, खेसारी, तुरीसारखी दिसणारी डाळ. मी हसलोच. मग गंभीर होऊन उपदेश सुरू केला. काकू, १९६१ पासून विक्रीला बंदी आहे तिच्यावर. तिच्यात ओडॅप नावाचं विष असतं, माणसाचे पाय कायमचे आखडतात, तो काठी टेकत, पायात पाय अडकवत चालतो. तुमच्याकडे उद्याचे डॉक्टर जेवतात आणि तुम्ही...

"मले शिकवतं काय?" काकूंनी पदर खोचला. "आमच्या धानाच्या बांधीत धान उभं असतानाच लाख फेकतेत. पाणी नाई लागत, खत नाई लागत. लहानपणी तिचा पाला खाल्ला, तिचे वडे खाल्ले, वरण खाल्लं. माहे पाय पाह्य बरं, वाकडे हायत का?"

त्यांचे पाय सरळ होते. आणि मला जे माहीत होतं ते अर्धवट होतं, हे नंतर वाचल्यावर कळलं. पाय जातात ते महिनोन्‌महिने दुसरं काही न खाता लाखच खाणाऱ्यांचे. म्हणजे दुष्काळात, किंवा मध्य प्रदेशातल्या रीवाकडच्या वेठबिगारांसारखे, ज्यांना मजुरीच लाखेच्या रूपात मिळायची. दुष्काळात बाकीचं पीक जळतं आणि हे तगतं, म्हणून तेवढंच ताटात उरतं. भात, भाजी, ताक यांच्यासोबत अधूनमधून खाणाऱ्याला बहुधा काही होत नाही. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं तर विष बरंच उतरतं. काकूंच्या आईला ओडॅप हा शब्द माहीत नव्हता, पाणी फेकायचं मात्र माहीत होतं. आपल्या नागपुरातच डॉ. शांतिलाल कोठारी ही बंदी उठवावी म्हणून वर्षानुवर्षं लढत होते, उपोषणं करत होते. आणि गंमत म्हणजे, बंदी असलेल्या या डाळीचा ठोक भाव नागपूरच्या बाजारभावांत तूर-चण्याच्या बरोबरीनं येत असे.

पण त्या दुपारी मी शहाणा होतो. म्हणालो, "काकू, पोरांना सांगून द्याल का? आज वरणात लाखोळी आहे म्हणून?"

त्या गप्प झाल्या. मग चिडून म्हणाल्या, "राहू दे. ही सवा नंबर दाखव."

डब्यात हात घालून त्यांनी मूठभर डाळ काढली, उजेडात नेली आणि अंगठ्यानं दाणे पसरले. एक दाणा उचलून माझ्यासमोर धरला.

"आणि हे काय हाय जी?"

तुरीची डाळ एका बाजूनं गोलसर, फुगीर असते. हा दाणा चपटा होता, एका अंगाला तिरपा उतरलेला, कडेला कोपरे असलेला. रंग जरासा फिका. त्यांनी आणखी एक काढला, मग आणखी एक. काउंटरवर दोन ढीग झाले. मुठीतल्या डाळीचा जवळपास चौथा हिस्सा लाखोळी निघाली.

"मले नाई म्हणतं," काकू म्हणाल्या, "आन् सगळ्या मोहल्ल्याले खाऊ घालून रायला."

हा टोमणा मला अजून ऐकू येतो.

पाटी पुसली, डबा बंद केला. मंगळवारपासून त्यातली चौदा किलो गेली होती. उधारीची वही काढली. साडेआठ किलो वहीतल्या घरांना गेलेली. त्यांना एकेक करून फोन लावले, खरं काय ते सांगितलं, डाळ परत आणा, बदल्यात फटका देतो म्हटलं. बँकेतल्या एका साहेबांच्या बायकोनं पुडी आणून काउंटरवर अशी आपटली की माझ्या मुलानं घाबरून हातातला गोळीबिस्किटांचा डबा सोडला. एका घरी आधीच शिजली होती. "मऊ झाली होती की छान," म्हणाले. मूळचं साकोलीचं एक कुटुंब होतं, त्यांनी तर परत द्यायलाच नकार दिला, निवडून वेगळी काढू नि वडे करू म्हणाले.

राहिली साडेपाच किलो. म्हणजे पाव-पाव किलोच्या बावीस पुड्या, रोख. रोख पाव किलो नेणाऱ्याचं नाव वहीत नसतं. त्याला उधारी कोण देतो? संध्याकाळी कामावरून सुटलेला मिस्त्री, भांडी घासणाऱ्या बाया, एका खोलीत तिघं राहणारे सेंट्रिंगवाले. पंधरा रुपये कमी म्हणून त्यांनी फटका सोडून हीच मागितली होती, आणि मी "चांगली आहे, घ्या" म्हणून तोलून दिली होती. पाव किलो मिसळीनं कुणाचे पाय जाणार नव्हते. हे मी रात्री स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलं आणि ते खरंही होतं. तरी झोप लागली नाही. पुढचे आठ दिवस पाव किलो डाळ मागणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, मंगळवार-बुधवारी माझ्याकडून नेली होती का? दोघं सापडले. बाकीच्यांना प्रश्न कळलाच नाही, किंवा मी काहीतरी वसूल करायला विचारतोय असं वाटलं.

शुक्रवारी कट्टा घेऊन इतवारीत गेलो. ज्याच्याकडून आणला होता त्यानं दाणे पाहिलेसुद्धा नाहीत. "बिल कहाँ है?" एवढंच विचारलं. तक्रार करायची तर आधी मीच बिनबिलाचा माल घेतल्याचं कबूल करायचं. पलीकडचा हमाल माझ्याकडे बघून हसला. कट्टा परत टेम्पोत टाकला, भाडं वेगळं गेलं.

बाबांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "दाताखाली फोडून पाहिला होता?" मी नाही म्हटलं. ते पेपर वाचू लागले.

शनिवारी काकू परत आल्या. म्हणाल्या, उरलेली छत्तीस किलो साठच्या भावानं मला दे, मी भिजवून पाणी फेकीन. ५,६८८ रुपयांचा माल होता तो, २,१६० तरी सुटले असते. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुह्या इमानाचे पैसे मी काहून भरू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बसून दुसरा हिशेब केला: दोन दिवस मसूर, दोन दिवस चणाडाळ, एक दिवस बरबटी (चवळी), एक दिवस कढी, आणि तूर फक्त रविवारी. पोरं आठवडाभर कुरकुरली. कढीच्या दिवशी मात्र भात जास्त लागायचा, म्हणजे तिथे वाचवलेलं इथे गेलं.

कट्टा जिन्याखाली पडून राहिला. जानेवारीत काकू पेपर नाचवत आल्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, समितीनं लाखोळीच्या कमी विषाच्या तीन जातींना हिरवा कंदील दाखवला होता: रतन, प्रतीक आणि महातिवडा.

"आता बोल!"

"काकू, त्या तीनच जाती. जिन्याखालची कोणती, ते कोण सांगणार?"

"दाण्यावर नाव लिहून येते काय?"

मी कट्टा उघडून दाखवला. डाळीला भुंगे लागले होते, निम्म्या दाण्यांना भोकं. काकूंनी नाक मुरडलं.

"तूर दे दोन किलो," त्या म्हणाल्या.

मी फटक्याचा डबा उघडला. माप घालणार तोच त्यांनी माझा हात अडवला, मूठभर डाळ घेतली, दाराशी उजेडात गेल्या आणि अंगठ्यानं दाणे सारत राहिल्या. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"कर काटा," त्या म्हणाल्या.