इनारी सरोवरावर स्नोमोबाईल : करारावर सही करण्यापूर्वी ट्रॅक मोजा

फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या इनारी सरोवरावर सामानाची स्लेज ओढत जायचे असेल, तर भाड्याच्या करारावर सही करण्यापूर्वी स्नोमोबाईलच्या ट्रॅकची, म्हणजे यंत्राला पुढे ढकलणाऱ्या खालच्या फिरत्या रबरी पट्ट्याची, रुंदी स्वतः टेप लावून मोजावी. आरक्षण करताना आम्हांला ‘कामाची’, म्हणजे रुंद ट्रॅकची यंत्रे मिळतील असे लेखी कळवले होते. प्रत्यक्षात पदरात पडली ती हौशी पर्यटकांना तास-दोन तास फिरवून आणण्यासाठी ठेवलेली, 15 इंची ट्रॅकची यंत्रे. इंजिन तेवढेच आहे, काही फरक पडत नाही, असे काउंटरवर ठणकावून सांगण्यात आले.

फरक पडतो, आणि तो इंजिनात नसतोच. रेनडिअर पाळणारे इथले लोक जी यंत्रे वापरतात, उदाहरणार्थ रोव्हानिएमीत तयार होणारी लिंक्स 69 रेंजर किंवा तिचे भावंड शोभणारी स्की-डू स्कँडिकची सर्वांत रुंद आवृत्ती, त्यांचा ट्रॅक 24 इंच रुंद असतो; रेंजरचा तर 154 इंच लांबही. वजन अधिक असूनही ते इतक्या क्षेत्रावर पसरल्यामुळे यंत्र भुसभुशीत बर्फात रुतत नाही. शिवाय वेगवान आणि ओढीचा असे दोन स्वतंत्र गिअर असतात. ओढीच्या गिअरमध्ये साठेक अश्वशक्तीचे इंजिनसुद्धा भरलेली स्लेज चढावर सावकाश ओढते आणि सीव्हीटीचा, म्हणजे इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या स्वयंचलित गिअरयंत्रणेचा, रबरी बेल्ट तापत नाही. सस्पेन्शनचा मागचा भाग उचलला जाणारा असल्याने मागे घेताना यंत्र स्वतःलाच बर्फात पुरून घेत नाही. ही सोय माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेली असते. तिची किंमत अडकल्यावर कळते.

आम्ही अडकलो ते दोन बेटांमधल्या पट्ट्यात. इनारीत तीन हजारांहून अधिक बेटे आहेत, त्यामुळे असे चिंचोळे पट्टे टाळून जाणे शक्यच नसते. वर साचलेल्या हिमाच्या भाराने सरोवराचा गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि वरच्या हिमाच्या दुलईमुळे गोठत नाही. पृष्ठभाग पांढराशुभ्र, सपाट, निर्मळ दिसतो आणि खाली घोट्याच्या वर लगदा असतो. अशा जागी थांबायचे नाही, एवढे आम्हांला ठाऊक होते. परंतु अरुंद ट्रॅक स्लेजच्या ओझ्याने आधीच खचू लागला, यंत्राचा वेग आपोआप मेला, आणि थ्रॉटल दाबला तसा ट्रॅक जागच्या जागी फिरून खड्डा खणत गेला. पाठोपाठ रबर जळाल्याचा वास आला. स्लेज सोडवून, फावड्याने लगदा उपसून, झाडांच्या फांद्या खाली घालून यंत्र बाहेर काढेपर्यंत दुपार संपली. त्याच वेळी एक स्थानिक गृहस्थ आपल्या रुंद ट्रॅकच्या यंत्रामागे चाऱ्याची स्लेज जोडून पंचवीसेक मीटर अंतरावरून एका लयीत निघून गेले. त्यांच्या ट्रॅकची खूण जेमतेम चार बोटे खोल होती. त्या खुणेवरून जावे म्हणून मी पाहतच राहिलो, पण तोवर आमच्या यंत्राच्या सस्पेन्शनमध्ये लगदा घट्ट गोठला होता. म्हणून मुक्कामी पोहोचताच यंत्र फळ्यांवर चढवावे आणि ट्रॅक झाडून मोकळा करावा. नाहीतर सकाळी तो जमिनीला चिकटलेला सापडतो.

परतल्यावर जळक्या बेल्टची किंमत, वर मजुरी, वर ‘अयोग्य वापर’ म्हणून आकारलेली रक्कम असा भुर्दंड बसला. विमा होता, परंतु बेल्ट त्यात येत नाही, ही अट करारात अगदी बारीक अक्षरांत होती. तेव्हा नुकसानीत आपला वाटा कमाल किती, बेल्ट आणि यंत्राच्या पुढच्या स्की त्यात धरल्या आहेत का, सुटा बेल्ट यंत्रात ठेवलेला आहे का, हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. यंत्राचे चारही बाजूंनी छायाचित्र काढावे. स्लेज दोराने नव्हे, तर ताठ दांड्याने जोडलेली असावी. उतारावर दोराची स्लेज थेट पाठीत येते.

बाकीचा प्रवास सुरळीत झाला, त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. जमिनीवर 60 आणि गोठलेल्या पाण्यावर 80 किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, पण भरलेली स्लेज मागे असताना तिच्या जवळपासही जाता येत नाही. रुंद ट्रॅकचे यंत्रही निर्दोष नाही, हे मुद्दाम सांगतो: टणक बर्फावर ते हट्टाने सरळच जाऊ पाहते आणि वळवताना खांदे भरून येतात. तरीही स्लेज ओढायची असेल तर तेच घ्यावे. ते मिळत नसेल तर सरोवरात न उतरता आखलेल्या मार्गांवरून, सामान निम्मे करून जावे. आम्ही गेलो ते डिसेंबरात. शक्य असल्यास मार्च-एप्रिल निवडावा, दिवस मोठा असतो आणि रात्रीच्या गारठ्याने कडक झालेला सकाळचा पृष्ठभाग यंत्राला पेलतो.